माशाच्या तोंडासमोरचे पाणी

अनवाणी टाच कातळावर दोनदा आपटून ते खालच्या पाण्यासाठी कान देत आणि म्हणत, "हितं नाय. फुडं चला."

संगमेश्वरच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, ते म्हातारे गुराखी गुरे चारत. मी जमिनीची मोजणी करणारा नोकरदार. त्यांच्यासारखी माणसे आपण सर्वांनीच पाहिलेली असतात, बहुधा गाडीच्या खिडकीतून.

पहिल्या भेटीच्या वेळी मे महिना होता. माझ्या हातात उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र होते आणि पाण्याची बाटली रिकामी. "यंत्राला इचारा की, पानी कुटं हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मला कातळात कोरलेला एक भला मोठा मासा दाखवला, हजारो वर्षांपूर्वीचा. त्याच्या तोंडासमोर दहा पावलांवर एक चपटा दगड होता. तो सरकवताच खाली गार पाणी. मी ओंजळीने प्यालो.

"ज्यांनी ह्यो कोरला, त्यांच्याकडं लोखंड तरी व्हतं का, द्येव जाने. पन फुडच्यांना तहान लागंल, ह्ये त्यांना कळत व्हतं. मला आज्यानं दावलं."

"आणि गुरांना?"

"गुरांस्नी दावावं लागत नाय. शिकल्याली मान्सं तेवढी ऱ्हातात."

दोन वर्षांनी तो सडा जांभ्या दगडाच्या चिरेखाणीसाठी मागितला गेला. पाहणीला मीच होतो. ते दिवसभर माझ्यामागे चालत राहिले. "सायेब, तेवढं पानी लिवा. तुमी प्यालाव."

नकाशात झरा नव्हता. तो नोंदवायचा तर फेरमोजणी आली असती, आणि मला देवरुखची एसटी गाठायची होती. मी लिहिले: पडीक कातळ, पाण्याचा स्रोत नाही. त्यांना म्हणालो, "पुढच्या वेळी बघू."

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. माझी पिशवी मात्र थांब्यापर्यंत आणून दिली.

खाण सुरू झाली. मासा चिऱ्यांत कापला गेला. त्याचे तुकडे कुणाच्या कुंपणात बसले असतील, मला ठाऊक नाही. झऱ्याच्या जागी खड्डा झाला. त्यांनी गुरे विकली. गेल्या वर्षी ते वारले.

यंदाच्या मे महिन्यात मी तिथे गेलो. वाडीत टँकरसाठी हंडे रांगेत लावलेले होते. खाणीच्या तळाशी उतरून मी चपला काढल्या, टाच दोनदा आपटली आणि कान दिला. काय ऐकू यायला हवे, हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.