प्रमिलाने न पुसलेली फाईल

हे मी आजवर घरीही बोललेलो नाही. मालवणच्या जेटीवरची ती फाईल प्रमिलाने पुसली नव्हती. माझ्या प्रोग्रामने पुसली.

जेटीवरच्या खोलीत आमच्या ऑफिसचा एक छोटा कॉम्प्युटर होता. सकाळी होड्या परतल्या की तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, खिडकीशी यायचे. पाणी कसं होतं, वारा कुठला, हे सांगायचे आणि ऑपरेटर प्रमिला टाइप करायची.

"लिव गो बाय," बाबलकाका म्हणायचे, "घरात माझा कोण आयकणा नाय."

"हळू बोला काका, मशीन घाबारतला."

'खडकाच्या पल्याड पाणी दुधासारखा. वारो पडलो.' चेक करायला म्हणून मी फाईल उघडायचो आणि वाचतच बसायचो. खिडकीबाहेर एक समुद्र, स्क्रीनवर दुसरा. खरा कुठला, ते हळूहळू कळेनासं व्हायचं.

प्रोग्राम फोर्थ भाषेत होता. फारसं कोणी वापरत नाही ती. तिच्यात आधी सामान ठेवायचं, मग काम सांगायचं: आधी फाईलचं नाव, मग कमांड. 'ॲक्सेप्ट' कीबोर्डवरची ओळ घेते. 'ओपन-फाइल' असलेली फाईल उघडते. 'क्रिएट-फाइल' नवी बनवते, आणि त्या नावाची आधीच असेल तर ती रिकामी करते. सुरुवातीलाच मी ही शेवटची कमांड घातली होती. पहिल्या दिवशी फाईल नव्हतीच, म्हणून सगळं ठीक चाललं. पुढे मशीन कधी बंदच झालं नाही.

मग एकदा लाईट गेली, बॅटरीही उतरली. लाईट आल्यावर प्रमिलाने मीच शिकवल्याप्रमाणे प्रोग्राम पुन्हा सुरू केला. त्या कमांडने फाईल रिकामी केली; अख्ख्या हंगामाच्या नोंदी गेल्या. बॅकअप मी ठेवला नव्हता.

कणकवलीहून साहेब आले. "कोणी डिलीट केलं?"

कोड मी तोवर पाहिला होता. तरी म्हणालो, "सर, ऑपरेटरकडून काहीतरी दाबलं गेलं असेल."

"कॉन्ट्रॅक्टवर आहे ना? उद्यापासून नको."

निघताना प्रमिला माझ्या टेबलाशी आली. "दादानू, माझ्याच हातान गेला मा ता? तुमची येवढी मेहनत... माका माफ करा."

"जाऊ दे," मी म्हणालो. "होतं असं."

म्हणजे मी तिला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी कोड गुपचूप सुधारला. दोन ओळींचं काम. बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय प्रोग्राम तपासला असं म्हणू नये, हे तेव्हापासून नव्या मुलांना सांगतो. का, ते सांगत नाही.

प्रमिला आता सावंतवाडीला एका दुकानात असते. कॉम्प्युटरला हात लावत नाही म्हणे, बिघडेल म्हणून. तिला समोर बसून खरं सांगणं आणि तिने मागितलेली माफी तिच्याकडे मागणं, एवढं मी तिचं देणं लागतो.