हमीपत्रावरची मैत्रीण

“तू लिही, मी सही करते.” कसलाही अर्ज पुढे आला की ती पेन माझ्याकडे सरकवायची. कुवेतच्या राई भागातल्या त्या गोदामाच्या ऑफिसात आम्ही दोघीच मराठी. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. ती मला पत्रकवाली म्हणायची. माझे वडील कामगार संघटनेतले, मी पत्रकं वाचतच अक्षरं शिकले, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून बसले होते.

“पत्रकवाले, डबा तरी मागण्या न करता खा.”

दुपारी ती फोन घेऊन खोक्यांच्या रांगेमागे जायची. फोनवर नाशिकची एक शिक्षिका असायची. दोघींचा बारा वर्षांचा संसार होता. ताईने मला हे सांगितलं तेही खोक्यांमागेच, आणि वर बजावलं, “इथे बोलायचं नाही. तिथेही जपूनच.”

त्या दोघींना मूल हवं होतं. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, आपल्याकडे दोन बायकांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही. एकीला येतं, एकटी म्हणून. तेव्हा नाशिकच्या तिने एकटी म्हणून अर्ज केला. संस्थेची बाई घर बघायला येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी ताई फोनवरून स्वतःला घरातून काढत होती.

“माझी चप्पल उचललीस? भिंतीवरचा फोटो? अगं, चष्म्याचं घर राहिलं बघ, टीव्हीशेजारी.”

मग हमीपत्राची वेळ आली. उद्या आईचं काही बरंवाईट झालं तर मुलीला कोण सांभाळेल, ते एखाद्या नातेवाइकाने लिहून द्यायचं होतं. ताईने पेन सरकवलं. “मावसबहीण लिही. सगळ्यांना असते एखादी, कोण तपासतंय?”

मला खोटं लिहवेना. किती दिवस लपणार, कुठल्यातरी कागदावर तरी खरं येऊ दे, असं मी बरंच बोलले. आणि लिहिलं, मैत्रीण. ताईने वाचलं. “पहिल्यांदाच कुणी माझ्याबद्दल खरं लिहिलं,” म्हणाली आणि सही केली.

कागद परत आला. मैत्रीण चालत नाही, नातेवाईक हवा. मुदत संपत आलेली, घाईत शिक्षिकेच्या भावाने सही केली. “कागदच आहे गं,” ताई मला म्हणाली. माझीच समजूत घालत होती.

मुलगी आली, दोन वर्षांची. तिने ताईचं नाव आऊ ठेवलं. घरात आऊ, बाहेर मावशी. मोठ्यांची जीभ घसरते. ती पोरगी एकदाही चुकली नाही. पुढे शाळेतून आली की ती फोनसमोर बसायची, आणि ताई खोक्यांमागून तिला वेणी घालायला शिकवायची, स्वतःच्याच केसांचे तीन पेड करून.

मुलगी सहा वर्षांची असताना शिक्षिका वर्गातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव, त्यातच गेली. ताईने रजेच्या अर्जात, मला न विचारता, बहीण लिहिलं. ती नाशिकला पोचली तेव्हा मुलीची बॅग भरलेली होती. मामा वाईट नव्हता. हमीपत्र पुढे करून एवढंच म्हणाला, “तुम्ही तिच्या कोण, ते मला विचारू नका. मला माहीत करून घ्यायचं नाही.”

ताई कुवेतला परतलीच नाही. तिच्या फरवानिया भागातल्या खोलीतलं सामान मी बांधून पाठवलं. मावसबहीण लिहिलं असतं तर चाललं असतं का? वकिलांना विचारलं, कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही. कायदा दुष्ट आहे हे मी आजही चौकात उभी राहून सांगेन. पण त्या कागदावरचं अक्षर माझं आहे.

मी यावर लिहिते म्हटल्यावर ताई फोनवर म्हणाली, “लिही. पण पोरीचं नाव घालू नकोस, माझंही नको. मामाने शाळा बदलली तर मी कुठे जाऊन उभी राहू?”

ती रोज शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहायची. शेवटचा फोन आला तेव्हा आवाज शांत होता.

“आज गाडीतून तिने माझ्याकडे पाहिलं. काचेवर तिचा हात हलत होता. पण काच वाफेने धुरकटलेली गं. मला हात करत होती की नुसती काच पुसत होती, कळलं नाही.”

त्यानंतर तिचा नंबर लागत नाही.