हातानं घट्ट, वर एक आटा

अन्वरभाई तांबोळी नसते तर मी आज पुण्यात कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर गळ्यात शिट्टी अडकवून बसलो असतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहिलंय त्यातली चूक माझी आहे, निभावून नेलं ते त्यांनी.

मी भंडारा जिल्ह्यातला, लाखांदूरकडचा. शाळा आठवीनंतर सुटली. अठराव्या वर्षी भरतीत उतरलो, ट्रेड्समन म्हणून निवड झाली. ट्रेड मेस कीपर. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. बंदूक होतीच, पहाटेच्या स्टँड-टूला, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन सज्ज राहायच्या वेळी, मीही खंदकात उभा राहायचो. पण उरलेला दिवस माझी लढाई स्टोव्ह, भांडी आणि पाण्याशी चालायची. सतरा वर्षं झाल्यावर नाईक या रँकवर पेन्शन घेतली.

नऊ वर्षांपूर्वी आमचा सेक्शन उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होता. बारा माणसं. पोस्टच्या वरच्या अंगाला तीनशे मीटरवर झरा होता आणि तिथून प्लास्टिकचा पाइप खाली आणलेला होता. संध्याकाळी पाइप रिकामा करायचा, नाहीतर रात्रीत पाणी गोठून फुटायचा. सकाळी नऊला वॉटर पार्टी वर जायची, दोन माणसं, गरम पाण्याच्या किटल्या आणि एक पान्हा घेऊन. थंडीनं पाइप आकसायचा, सांधे ढिले व्हायचे. म्हणून ऑर्डर अशी की प्रत्येक सांधा रोज थोडा आवळायचा. वॉटर पार्टीत बहुतेक मी आणि लान्स नाईक दत्ता कुंजीर असायचो.

दत्ता पुण्याजवळच्या मांजरी गावचा. त्याला पाइपाचं वेड होतं. सुट्टीवरून आला की घरी काय काय दुरुस्त केलं ते सांगायचा.

"आई अजून अंगणातल्या नळावरनं कळशी आत आणती," तो म्हणायचा. "या टायमाला भिंतीला भोक पाडून पाइप आत घेतलाय. तोंडाला डमी मारून आलोय. पुढच्या सुट्टीत नळ बसवतो, मग आई बसल्या जागी पाणी घेईल."

डमी म्हणजे पाइपाचं तोंड बंद करायची टोपी.

एका सकाळी मला ताप होता. सुभेदार साहेबांनी माझ्या जागी दुसऱ्या जवानाला पाठवलं. मी वायरलेस सेटजवळच पडलो होतो, त्यामुळं सगळं ऐकलं.

"वॉटर पार्टी फॉर कंट्रोल. ओके रिपोर्ट. ओव्हर."

"कंट्रोल फॉर वॉटर पार्टी. लाइन चालू. सब ओके. दहा मिनिटांत खाली. ओव्हर."

उत्तर देणारा आवाज दत्ताचा. वेळ ९.५०. ९.५४ ला वरच्या उतारावरचा बर्फ सुटून खाली आला. बरोबरचा जवान कडेला फेकला गेला, वाचला. दत्ता आम्हाला दुपारी ३.१० ला सापडला. पान्हा त्याच्या हातात होता.

त्या दिवशी मेसमध्ये पाणी आलं होतं. त्याच पाण्याचा चहा मी संध्याकाळी केला. कुणी प्यायला नाही.

पेन्शनच्या आधी रिसेटलमेंटचे, म्हणजे बाहेरच्या कामधंद्याचे, कोर्स मिळतात. बहुतेकांनी सिक्युरिटी घेतलं. मी प्लंबिंग लिहिलं. क्लार्कनं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. कोर्स पुण्यात होता. राहायला लोणी काळभोरला खोली घेतली. मांजरीपासून जवळ, पण मांजरीत नाही. दत्ताच्या घराच्या गल्लीपर्यंत तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा तोंडाशीच वळलो. रिकाम्या हातानं जाऊन त्या माउलीला काय सांगणार? मला तिथं नळ बसवायचा होता, आणि तो बसवता येईपर्यंत उंबरा ओलांडायची हिंमत नव्हती.

सर्टिफिकेट मिळालं, काम मिळेना. दुकानदार सर्टिफिकेट बघायचे, मग माझी छाती बघायचे आणि म्हणायचे, "वॉचमन पाहिजे होता हो. बसता का?" फोनवर बायको विचारायची, "जेवले का जी?" मी हो म्हणायचो. ती आणि पोरगी गावीच होत्या. इथं माझा जम बसल्याशिवाय त्यांना आणता येत नव्हतं.

अन्वरभाईंचं सदाशिव पेठेत एका जिन्याखाली छोटं दुकान आहे. वय बासष्ट. गुडघे गेलेत, जिना चढताना मोजून दर पाचव्या पायरीला थांबतात. त्यांच्या वडिलांनी याच पेठेत नळ जोडले आणि आता ते जोडतात. त्यांनी माझं सर्टिफिकेट न बघता परत दिलं.

"हे घरी फ्रेम करा. कधीपासून रिकामे आहात?"

"दोन महिने, साहेब."

"साहेब मी नाही. उद्या आठला या."

मी ७.४० ला जाऊन उभा राहिलो. ते ८.०५ ला आले.

"कुलूप चोरीला जाईल म्हणून पहारा देत होतात का?" म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

असे पाच महिने गेले. आठवडाभरात ते मला 'अरे' म्हणायला लागले, ते मला बरं वाटलं. सकाळी तक्रारी ऐकायच्या, दहाला पहिलं काम, दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी. पेठेत पाणी ठरल्या वेळी येतं आणि माणसंही ठरल्या वेळीच बोलतात. बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "प्लंबर का? मग चपला बाहेर, आणि पाइपाबद्दलच बोला."

अन्वरभाईंचा नियम एकच. पितळी आट्याचं फिटिंग प्लास्टिकच्या पाइपावर बसवताना हातानं घट्ट करायचं, वर पान्ह्यानं एक आटा, म्हणजे एक फेरा, फार तर दीड. बास.

मला ते जमेना. हात थांबायचाच नाही. एक आटा झाला की वाटायचं, अजून थोडं. मग अजून थोडं. रात्री झोपताना दिवसभराचे सांधे आठवायचे आणि प्रत्येक गळताना दिसायचा. अन्वरभाई बघायचे आणि म्हणायचे, "अरे, पाइप आहे तो, कैदी नव्हे. पळून नाही जाणार."

एका मंगळवारी पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नवी लाइन टाकली. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. ऑपरेशन रूमच्या बाहेर हात धुवायचं बेसिन असतं, त्याचा एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी सांधा, मी बसवला. अन्वरभाई तेव्हा खाली दुकानदाराशी बोलत होते. मी एक आटा दिला, मग अर्धा, मग मनाचं समाधान होईना म्हणून आणखी एक. पाणी सोडून बघितलं. कोरडं. खाली जाऊन सांगितलं, "सब ओके."

बुधवारी सकाळी ९.२० ला फोन आला. बेसिनमागून पाणी उडतंय, झेरॉक्सवाल्याच्या छतातून गळतंय, आणि अकरापासून मोतीबिंदूची सहा ऑपरेशनं आहेत.

मी दुकानातून पळत निघालो. अन्वरभाई मागून म्हणाले, "तू हो पुढं. माझे गुडघे येतील मागनं."

९.३१ ला गच्चीवर चढून टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन एल्बो पाहिला. पितळी गळ्याजवळ केसाएवढी चीर. सकाळी टाकी भरून प्रेशर आलं आणि ती उघडली. कारण शोधायला लागलंच नाही. माझ्या हातानं मला ते मंगळवारीच सांगितलं होतं.

बाहेर बाकावर सहा म्हातारी माणसं बसली होती, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर चिकटपट्टीची खूण. एक आजोबा शेजारच्या आजींना म्हणाले, "आपलं ऑपरेशन की नळाचं, ते आधी ठरू द्या."

डॉक्टर मॅडम हिरव्या टोपीत उभ्या होत्या. मी टाचा जुळवून उभा राहिलो. सवय.

"मॅडम, चूक माझी आहे. मी जास्त आवळलं."

तेवढ्यात जिन्यात अन्वरभाई आले, कठड्याला धरून. श्वास घेतला आणि म्हणाले, "काम माझं, म्हणून चूकही माझी. हा माझ्या हाताखालचा माणूस आहे. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "कुणाची ते तुम्ही सावकाश ठरवा. मला अकरा वाजता पाणी पाहिजे."

मला वाटलं, आता ते पान्हा स्वतः घेतील आणि उद्या मी शिट्टी विकत घेईन. मांजरीची गल्ली डोळ्यासमोर आली. त्यांनी पिशवी उघडली, नवा एल्बो काढला आणि पान्हा माझ्यासमोर धरला.

"कर."

"मी?"

"मग काय, आजोबांना सांगू?"

मी जुना भाग कापला. पाइपाचं टोक घासून साफ केलं. फिटिंग हातानं घट्ट केलं. पान्हा लावला. एक आटा. हात पुढं निघाला. तेव्हा मला कळलं की हा हात पुण्यात नाही. तो अजून त्या उतारावर सकाळी नऊला उभा आहे, आकसलेले सांधे आवळत.

"चाचा," मी म्हणालो. त्यांना चाचा मी तेव्हा पहिल्यांदा म्हणालो. "आमच्याकडं थंडीनं सांधे ढिले व्हायचे. रोज आवळायची ऑर्डर होती."

ते म्हणाले, "इथं थंडी नाहीये. ऑर्डर कॅन्सल."

मी पान्हा खाली ठेवला.

एल्बोचं दुसरं तोंड सोल्युशन लावून जोडलं. १०.०८. ते सुकायला वेळ द्यावा लागतो, घाई केली तर सांधा निसटतो. चाळीस मिनिटं थांबायचं होतं. मी तोवर झेरॉक्सवाल्याची फरशी पुसली. तो म्हणाला, "कागद वाचले हो, नशीब. नाहीतर अख्ख्या क्लासच्या नोट्सचा लगदा झाला असता." आणि मलाच चहा दिला.

१०.५० ला मी गच्चीवर व्हॉल्व्हपाशी, अन्वरभाई खाली बेसिनजवळ, मध्ये फोन.

"उघड. हळू."

"उघडला."

फोनवर काहीच येईना. मी सेकंद मोजत होतो. चार मिनिटं काय असतात, ते मला माहीत आहे.

"चाचा?"

"बोंबलू नकोस. हात फिरवून बघतोय." मग म्हणाले, "तुमच्या फौजेत काय म्हणतात ते? हां. ओके रिपोर्ट. कोरडं आहे सगळं. ये खाली."

१०.५८ ला मॅडम हात धुवायला आल्या. नळ उघडला, पाणी बघितलं, म्हणाल्या, "दोन मिनिटं आधीच? बरं." पेठेत याला शाबासकी म्हणतात. सहाही ऑपरेशनं झाली.

दुकानात परत येताना अन्वरभाई कठड्याला टेकून थांबले. मी त्यांना दत्ताचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, जिन्यातच. त्यांनी एकच विचारलं, "ती डमी अजून तिथंच आहे?"

"माहीत नाही. गेलोच नाही."

"रविवारी जाऊ."

रविवारी आम्ही दोघं मांजरीला गेलो. दत्ताची आई दारातच होती. मी नाव सांगितलं तशी म्हणाली, "तू मेसवाला व्हय? दत्ता सांगायचा, तुज्या हातचा चहा लई गोड अस्तो म्हनून. किती उशीर केलास रं."

मी वाकून तिच्या पाया पडलो.

स्वयंपाकघरात भिंतीतून पाइप बाहेर आला होता आणि तोंडावर डमी होती. नऊ वर्षं. "लोक म्हनले काढू, नळ लावून देतो," ती म्हणाली. "मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. लावनारा लावंल." अंगणातून कळशी आणणं तिनं चालूच ठेवलं होतं.

अन्वरभाई खुर्चीवर बसून राहिले. पिशवीला हात लावला नाही. मी डमी काढली. आतले आटे स्वच्छ होते, दत्तानं नीट बंद केलं होतं. नळ लावला. हातानं घट्ट, वर एक आटा. अंगणातला व्हॉल्व्ह उघडला आणि आत येऊन पाहिलं. कोरडं.

"आई, उघडा."

तिनं नळ उघडला. पाणी आलं. ती जरा वेळ त्याच्याखाली बोटं धरून उभी राहिली, मग पातेलं भरलं आणि म्हणाली, "बसा. च्या टाकते."

मनातल्या मनात मी रिपोर्ट दिला. लान्स नाईक दत्ता कुंजीर, लाइन चालू, सब ओके. या वेळी चहा सगळ्यांनी घेतला.

आता बायको आणि पोरगी इथंच आहेत. पोरगी पुण्याच्या शाळेत जाते आणि मला म्हणते, "बाबा, 'काऊन' नाही, 'का' म्हणा." दर दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं मांजरीला जाऊन येतो. मी अजूनही रात्री सांधे आठवतो, पण आता झोप लागते.

राहता राहिले अन्वरभाई. त्यांच्या स्वतःच्या घरी, मोरीत, एक नळ गळतो. मी त्यांच्याकडं कामाला लागल्यापासून गळतोय. टप टप. चाची रोज बोलतात. मी दोनदा पान्हा घेऊन उभा राहिलो.

"ठेव तो खाली," म्हणाले. "सगळ्या पेठेला हात लाव. माझ्या घराला लावायची तुझी अजून लायकी नाही."

ठीक आहे, चाचा. घाई नाही. ज्या दिवशी तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी ७.४० ला दारात उभा असेन. तुमचा तो नळ मीच बसवणार. एका आट्यात.