ताट हा संदर्भ होत नाही

परब सर गेल्याचं मला आमच्या रविवारच्या वर्गाच्या ग्रुपवर कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं धडाधड पडत होती. मी लोअर परळच्या ऑफिसात, लिफ्टसमोर उभी राहून ती बघत होते. रडू आलं नाही, राग आला. तसा तो दोन वर्षं होताच. आता ज्याच्यावर काढायचा तो माणूस उरला नाही, इतकंच... दादरच्या शोकसभेत एका प्राध्यापकांनी त्यांना ‘गिरणगावचा चालताबोलता कोश’ म्हटलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आले. का, ते पुढे सांगते.

सर महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. परळच्या एका वाचनालयात ते दर रविवारी आम्हा विद्यार्थ्यांना ऑनलाइन मुक्त ज्ञानकोशात लेख लिहायला शिकवायचे. तिथे कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं. मी म्हसवडहून एम.ए.ला आलेली, घरातली पहिली पदवीधर. माझ्या पहिल्या लेखात चौदा वाक्यं होती. सरांनी त्यातली अकरा उडवली. “काय म्हसवडकर, हे कुणी छापलंय?” मी म्हटलं, “सर, हे सगळ्यांनाच माहीत आहे.” “सगळे म्हणजे कोण? त्यांचा प्रकाशक कोण?” वर्ग हसला. मी हॉस्टेलवर जाऊन रडले आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. एक वाक्य लिहिण्याआधी तीन ठिकाणी तपासायची सवय मला त्यांनी लावली. त्या सवयीवरच मला आजची नोकरी मिळाली, हे मी कधीच नाकारणार नाही. पण गुरू गेला की त्याच्याबद्दल फक्त गोडच लिहायचं, हे मला जमत नाही. तेही त्यांनीच शिकवलं.

सर लालबागला एका चाळीतल्या खोलीत आईबरोबर राहायचे. लग्न केलं नव्हतं. आई, म्हणजे आनंदीबाई, पूर्वी त्याच खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. कोकणातून एकटे आलेले पुरुष पाळीप्रमाणे येऊन जेवायचे. दिवसाला तीन पंगती. आईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या ताटामागे खिळ्याने ठोकून खूण केली होती : एकाला माड, एकाला होडी, एकाला खेकडा. “ह्यो खेकडो म्हणजे सावंत,” त्या मला ताट उलटं करून दाखवायच्या. “तिरको चालायचो मेलो, म्हणान.” गिरण्या बंद पडल्यावर माणसं गावी गेली. ताटं मात्र आईंनी माळ्यावर जपून ठेवली. कुणी मेल्याचं कळलं, की त्याचं ताट काढून त्यात भात वाढायच्या आणि कावळ्याला ठेवायच्या.

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मी लिहिलं. आईंशी सहा महिने बोलून, ताटांचे फोटो काढून मी ज्ञानकोशात लेख टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पट्टी चढली : ‘विश्वासार्ह संदर्भ नाही. लेख वगळण्यात यावा.’ खाली नाव होतं सरांचं.

मी तशीच लालबागला गेले. “सर, ताटं माळ्यावर आहेत! तुम्ही त्यात जेवलात!”

“म्हणूनच,” सर म्हणाले. “ताट हा संदर्भ होत नाही गं. आणि माझ्या आईचा लेख मी राहू दिला, तर उद्या प्रत्येक नगरसेवक आपल्या बापाचा लेख लिहील. त्याला मी कोणत्या तोंडाने अडवू?”

आई पलंगावरून म्हणाल्या, “त्येका नियम व्हयो गो, आवस नको.”

आवस म्हणजे आई. सर हसले. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

मग मी शोकसभेत पुढे बोललेल्या त्याच प्राध्यापकांकडे गेले. खानावळींवर त्यांचं पुस्तक येत होतं आणि त्यातल्या निम्म्या मुलाखती सरांनी जमवून दिलेल्या होत्या. आनंदीबाईंचं नाव आणि ताटांची हकिकत एका ओळीत छापा, एवढंच मागितलं. ते म्हणाले, “एकेका बाईचं नाव कुठे घालत बसू? अभ्यास प्रातिनिधिक हवा.” पुस्तकात ‘एक खानावळवाली’ आली. छापलं नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून छापायचं नाही... या चक्रात आईंचा लेख पुसला गेला. मी रविवारी जाणं बंद केलं. सरांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. ते आजारी असल्याचं कळलं तरीही गेले नाही. त्याचा दोष माझ्याकडे, आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

परवा त्या खोलीत गेले. सरांचा कॉम्प्युटर आईंनी झाकून ठेवला होता. सुरू केला, तर ज्ञानकोशात त्यांचं खातं उघडंच होतं. पुसलेले लेख परत आणण्याचा अधिकार त्या खात्याला होता. एक बटण दाबायचं होतं. आई मागून म्हणाल्या, “माझा नाव इला काय गो त्याच्यात?”

मी बटण दाबलं नाही. मेलेला माणूससुद्धा हात धरतो, याचा मला भयंकर राग आला. आईंना म्हटलं, “नाही आलं. पण पेपरात येईल.”

तर हे छापून आलं आहे : आनंदी परब या लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवत. प्रत्येकाचं ताट त्यांनी स्वतः खूण ठोकून वेगळं केलं होतं. ती ताटं मी पाहिली आहेत. पानावर वर तारीख आहे, खाली माझं नाव आहे. सरांच्या नियमाने हे ज्ञानकोशात मी घालू शकत नाही, कारण मी आता त्या घरातली झाले. तुमचा आनंदीबाईंशी काहीही संबंध नाही, तुम्ही घालू शकता. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. लवकर करा.