तेंदूच्या पानाएवढी ढील

मनसाराम मिस्त्रीचा हात आधी चालायचा, तोंड मागून. मूल गावच्या धानगिरणीत सैल नट दिसला की तो पाना घेऊन धावायचा, आणि ज्यानं तो सैल सोडला त्याच्या कानशिलात एक ठेवून द्यायचा. लोक पाठीमागं त्याला शिव्या घालत आणि यंत्र अडलं की त्याच्याच दारात जाऊन उभे राहत. बाप नागभीडकडच्या तलावावर जाळी टाकता टाकता म्हातारा झाला. यानं पाणी सोडून लोखंड धरलं.

पंचावन्न सालच्या पौषात गिरणीचा मोठा शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजलं आणि शाफ्ट पाव बोट हलू लागला. मनसारामानं मालक गुणवंतरावांना तीनदा सांगितलं, गिरणी दोन दिवस बंद ठेवा, नवं बुश ओततो. मालक म्हणाले, हंगाम आहे, चालून जाईल. चौथ्या दिवशी पट्टा चाकावरून उडाला आणि मनसारामाचा धाकटा भाऊ झिंगू याच्या मानेवर बसला. मान तुटल्यातच जमा होती. रक्त तांदळाच्या ढिगात मुरलं. मालकांनी तेवढा तांदूळ बाजूला काढायला लावला आणि संध्याकाळी पट्टा पुन्हा चढवला. तेरावं झालं तशी झिंगूची बायको गोकुळा पोटासाठी त्याच पट्ट्याखाली कोंडा झाडायला बसली.

त्याच सुमारास मालकांच्या माडीवर दुर्बीण आली, देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. खाली मोटारीची बैठक होती. ती नळीला आपसूक ताऱ्यामागं फिरवायची. पण मोटार उलटी फिरवली की दहा आकडे मोजेपर्यंत नळी ढिम्म, आणि मग धसकन उडी. मालकांनी मिस्त्रीला बोलावलं.

"केसाएवढीही ढील नको मले," ते म्हणाले.

मनसारामाच्या डोक्यात तिडीक गेली. पाना हातातच होता आणि मालकाचं टाळकं हाताच्या अंतरावर. पण गोकुळेचा विचार आडवा आला. त्यानं अट घातली, हे जमलं तर गिरणी दोन दिवस बंद. मालकांनी देवाची आण घेतली.

भर दुपारी त्यानं बैठक उघडली. आत पितळी दात्यांचं चाक, त्याला फिरवणारा पेचाचा दांडा, आणि दोघांच्या मधे फट. दांडा नुसता दाबून बसवला तर अडकून मोटार जळणार. म्हणून त्यानं बिडीसाठी वाळवलेल्या तेंदूच्या पानाची पट्टी मधे घातली, दांडा तिच्यावर टेकवला, बोल्ट आवळले आणि चाक फिरवून पान बाहेर काढलं. तेवढीच जागा उरली. दांडा लांबीतही मागेपुढे सरकत होता, तिथं पातळ वायसर दिलं. मग तलावापलीकडच्या देवळाच्या कळसावर नळी रोखून मोटार उलटसुलट केली. बटण दाबताच नळीत कळस लगेच, धसका न देता सरकू लागला.

मालक खुशीत आले. मनसारामानं बुशाचा आणि पट्ट्याखाली बसणाऱ्या गोकुळेचा विषय काढला.

"हंगाम संपू दे ना. गोकुळा काय राणी लागून गेली?"

मनसाराम जिना उतरला आणि थेट गिरणीत गेला. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नसतं. त्यानं गोकुळेचं मनगट धरलं आणि चारचौघांत तिला फरफटत बाहेर काढलं. इंजिन बंद केलं, घण उचलला. पहिल्या घावात शाफ्टचं बुश धरणारा ओतीव बिडाचा टेकू चिरला, दुसऱ्यात फुटला. तोवर मालकांचे दोन गडी लाठ्या घेऊन आले. त्यांनी त्याचा उजवा हात कोपरात मोडला. त्यानं डाव्यानं घण उचलून तिसरा घाव घातला आणि मगच खाली पडला. गडी दमेपर्यंत मारत राहिले.

कोर्टात न्यायाधीशांनी कारण विचारलं.

"साहेब, तारा हालू नये म्हून या मालकानं जिवाचं रान केलं. माहा भाऊ मेला तरी शाफ्ट हालू देला."

सहा महिने सक्तमजुरी झाली. फुटलेला टेकू जोडण्यासारखा उरलाच नव्हता, तेव्हा मालकांना झक मारत नागपूरहून नवा टेकू आणि नवं बुश आणावं लागलं. वैशाखात गोकुळा चांद्याच्या तुरुंगात भेटीला आली आणि डोक्यावर पदर ओढून गजांपासून लांब उभी राहिली. वाकड्या बसलेल्या हाताबद्दल तो बोलला नाही, मारहाणीबद्दल नाही.

"शाफ्ट हालून राह्यला का?"

"नाई, भाऊ. रोज गिरणी थांबली का मी हात लावून पाह्यते."

झिंगूच्या चितेपाशीही ज्यानं टिपूस काढलं नव्हतं, तो मनसाराम गजांवर कपाळ टेकून तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडला.