नाळ शोधायला थांबलेला माणूस

सगळ्या माणसांचे रक्त एकच असते. हे वाक्य मी कॉलेजच्या व्यासपीठावरून दर वर्षी ऐकत आलो, बहुधा हार घातलेल्या पाहुण्यांच्या तोंडून, आणि टाळ्याही वाजवल्या. नागपुरात, धंतोलीतल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मात्र माझ्या रक्ताने या विचाराशी असहकार पुकारला. कोणत्याही बाटलीतला थेंब त्याच्याशी मिसळला की काचपट्टीवर गुठळ्या होत.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी पन्नाशी ओलांडलेला, धरमपेठेत दोन खोल्यांत पुस्तकांसोबत राहणारा अविवाहित प्राध्यापक. पोटातला जुना व्रण फुटून आत रक्त वाहू लागले होते. ऑपरेशन लगेच हवे होते, आणि चालेल असे रक्त निदान एक बाटली हाताशी असल्याशिवाय सर्जन सुरी उचलायला तयार नव्हते. रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. म्हणाल्या, "सर, तुमचा गट फार क्वचित सापडतो. बॉम्बे गट म्हणतात त्याला. दिसतो ओसारखा, पण तुम्हाला ओ चालत नाही. याच गटाचं रक्त लागेल." तो आधी मुंबईत सापडला, म्हणून हे नाव. मनात आले, नागपूरची राजधानी मुंबईला गेली ती गेली, आता माझ्या रक्तावरही तिचाच शिक्का.

"हा गट घराण्यातून उतरतो," त्या म्हणाल्या. "नातेवाईक कोण आहेत तुमचे?"

आईवडील गेलेले. भाऊबहीण नव्हतेच. "कोणी नाही" हे शब्द मी आयुष्यात पुष्कळदा उच्चारले होते, कधी कधी थोड्या ऐटीतही. त्या दुपारी ते निदान म्हणून ऐकू आले.

प्राचार्य येऊन गेले. संपूर्ण महाविद्यालय तुमच्या पाठीशी आहे, असे म्हणाले. संपूर्ण महाविद्यालयाचे रक्त आपल्या उपयोगाचे नाही हे कळल्यावर संत्र्यांची पिशवी ठेवून निघाले. व्रणाच्या रोग्याला संत्री चालत नाहीत, पण त्यांचा हेतू चांगला होता. मग भेटीची वेळ झाली. शेजारच्या खाटेभोवती डबे उघडले गेले, कोणी पाय चेपू लागले, कोणी उगाच भांडू लागले. माझ्या खाटेजवळचे स्टूल त्यांनी विचारून नेले. मी होय म्हटले. त्या रिकाम्या जागेकडे पाहताना मला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची तर होतीच, पण त्याहून अशी, की मी गेलो तर कोणाचाही दिनक्रम बदलणार नाही.

माझी आई रामटेकच्या रामाची. लहानपणी तिचे बोट धरून मी गड चढलो होतो. पुढे वाचन वाढत गेले तसे गडावर जाणे कमी झाले, नाव तेवढे ओठांवर राहिले. आता नवस बोलावा असे वाटले, आणि लक्षात आले की मला नवस बोलता येत नाही. नवसाला काहीतरी पदरात लागते. मुलाला पायाशी घालीन, सुनेला घेऊन येईन, गावजेवण घालीन. माझ्याकडे घालायला काही नव्हते, आणणार तरी कोणाला? देवाशी सौदा करायचीही माझी पत नव्हती. शेवटी थकून म्हटले, "आता तुझं तू बघ." यात भक्ती किती आणि ग्लानी किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

डोळे मिटले, तोच खालच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डासमोर, आरडाओरडा सुरू झाला. खिडकीतून सगळे स्पष्ट ऐकू येत होते.

"आमच्या पोट्टीची नाळ कुठं गेली, बाई? सकाळपासून विचारून राहिलो!"

"अरे, घेऊन जा नं गा दुसरी! सगळ्या सारख्याच राहतात," आया ओरडली.

"सारख्या कशा राहतीन वं? आपली ते आपली! माय म्हणे, नाळ घेतल्याबिगर घरी येऊ नको."

तिकडच्या खेड्यांत काही घरी बाळाची नाळ वारेसकट नेऊन आपल्याच बांधावर पुरत. इस्पितळ ती फेकून देई. हा गडी सकाळच्या गाडीने रामटेककडच्या आपल्या गावी जायचा, तो या एका कारणासाठी अडून बसला होता.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई प्रयोगशाळेतून अक्षरशः धावत गेल्या. नाळ मागणारा हा गडी म्हणजे मनोहर. त्याच्या बहिणीचे रक्तही माझ्यासारखेच कोणाशी जुळेना, म्हणून बाळंतपणाआधी तिच्या भावांचे रक्त तपासले होते. याचे जुळले होते. ती सुखरूप सुटली, रक्त लागले नाही. तो केव्हाच गेला असेल असे बाई धरून चालल्या होत्या, आणि गावी निरोप पोहोचून माणूस येईपर्यंत माझे पोट थांबणार नव्हते.

त्यांनी त्याला माझ्यापुढे आणून उभे केले. हातात रिकामा डालड्याचा डबा.

"याइले रक्त पायजे काय? घ्या नं मग. काहून विचारून राहिल्या?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, आपलं रक्त एकच म्हणता, तं आपण एकमेकाचे कोण लागतो जी?"

एवढे वाचन बाजूला सारून मी म्हटले, "रामाने पाठवलं तुम्हाला."

तो हसला. "राम नाही जी. आमच्या घरानं छप्पनमधेच धम्म घेतला. मले मायनं पाठवलं." मग स्टूल कुठे आहे ते पाहून त्याने ते परत आणले, आणि बोलावणे येईपर्यंत त्यावर बसून राहिला.

त्याची बाटली माझ्यात गेली. मी जगलो. हा चमत्कार असे मी कोणाला सांगत नाही. हाक मी एका दाराशी मारली आणि ओ दुसऱ्याच घरातून आली, इतकेच मला ठाऊक आहे. कृतज्ञता नेमकी कुठे पोहोचवायची हे कळेना, म्हणून मी दोन्हीकडे पोहोचवतो. दर वर्षी गड चढतो, उतरताना मनोहरच्या घरी जेवतो. त्याच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आणि वाढणारी त्याची माय मला विचारल्याशिवाय भात वाढते. "तुझं तू बघ" म्हटल्यावर तो कसे बघणार, कोणाला पाठवणार, हे ठरवायचा हक्क आपल्याकडे उरत नाही, एवढे मी शिकलो.

पहिल्याच वर्षी मायने मला धानाच्या बांधावर नेले. तिथे आंब्याचे रोप लावले होते. "नातीची नाळ अठी गाडली," ती म्हणाली. "आता जगात कुठंही गेली तरी पोरगी याच मातीची." मी मनापासून हात जोडले.

आता ते झाड चांगले फळते. इस्पितळातून निघताना आयाने मला हळूच सांगितले होते, की त्यांची नाळ सकाळीच खड्ड्यात गेली होती, आणि मनोहरच्या डब्यात तिने जरीपटका वस्तीतल्या एका सिंधी बाळाची घातली.