शेवटचं फूल गळेपर्यंत

आपोलोनिया मोन्दोने फुलांभोवती डुकरांपासून राखायचं कुंपण घातलं, तेव्हा सिंबूच्या डोंगरातलं तिचं अख्खं खेडं बघायला लोटलं. कुंपण मजबूत होतं. आत खाण्यासारखं काही नव्हतं, एवढाच काय तो दोष.

खाली शहरातली वनस्पतिबाग बंद पडली, तेव्हा तिथे खुरपणी करणाऱ्या बायकांपैकी कुणी फावडं मागून घेतलं, कुणी झारी. आपोलोनियाने झाडं मागितली. शहराच्या उकाड्यात ती निम्मी मेलीच होती, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही. केशरी फुलांची ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आणि शेवाळलेल्या फांदीला चिकटलेलं बोटाएवढं लाल ऑर्किड पाठीवरच्या झोळीतून घरी आलं. नवरा गांदे याने न विचारता खुंट ठोकले आणि संसारातलं सर्वांत लांब भाषण केलं : "इथं गार आहे. जगतील."

पण जमीन साऱ्या कुळाची, भाऊबंदांची सामाईक. गांदेचा थोरला भाऊ बोमाई याला तिथे रताळी हवी होती. त्याने पुरुषांच्या बैठकीत विषय काढला आणि आपोलोनियाला बोलावणं गेलं.

"काय गं, फुलं उकडून खातेस की भाजून?"

"नुसती बघते, भाऊजी. म्हणून तर पोट सुटलं नाही."

बैठक हसली. मग बोमाईच्या पोटाकडे बघून पुन्हा हसली.

म्हातारा कावाग्ले निवाडे करायचा. त्याने जुनाच नियम सांगितला : जो लावतो, पीक निघेपर्यंत वाफा त्याचा, मग जमीन कुळाकडे. "हिचं पीक फुलं. तेव्हा शेवटचं फूल गळेपर्यंत वाफा हिचा. त्यानंतर बोमाईचा."

बोमाईला दारची जास्वंद माहीत होती. सकाळची फुललेली संध्याकाळी मान टाकते. "मंजूर!" तो ओरडला.

"मंजूर," आपोलोनिया पडेल आवाजात म्हणाली. ते लाल ऑर्किड महिनोन्‌महिने टिकतं, असं तिने बागेतल्या जुन्या माळ्याकडून ऐकलं होतं. बघितलं मात्र नव्हतं. उकाड्यात ते कधी टिकलंच नव्हतं.

ऱ्होडोडेंड्रॉनची फुलं झडली. बोमाईच्या बायकोने लावणीसाठी रताळ्याचे वेल छाटून ठेवले. उरलं एकच लाल फूल. बोमाई रोज सकाळी कुंपणाशी येई.

"अजून आहे?"

"आहे, भाऊजी."

रात्री गारठा पडला की फूल गळेल या धास्तीने आपोलोनियाचा डोळा लागत नसे. एका सकाळी बोमाई कुंपणावरून ओणवा होऊन फुलाला बोट लावताना सापडला.

"भाऊजी, हात!"

"धूळ झटकत होतो."

"शेवाळावर धूळ?"

बोमाईने हात मागे घेतला. वेल वाळले. त्याने नवे छाटले, तेही वाळले. फूल तसंच.

रोज कुंपणाशी बसणारा माणूस बघून वाटसरू थांबू लागले, नि काय बघतोस म्हणून विचारू लागले. "हे मेलं गळत नाही," बोमाई आधी करवादून सांगे. पुढे पुढे हेच वाक्य तो छाती पुढे काढून सांगू लागला. पलीकडच्या खोऱ्यातली माणसं नाचाला निघाली होती, त्यांतल्या एकाने ते फूल शिरपेचात खोवायला मागितलं, तर बोमाई अंगावर धावून गेला. "हात लावलास तर बघ! न्यायातलं फूल आहे ते!"

पुन्हा बैठक भरली. कावाग्लेने बोमाईलाच साक्षीला उभं केलं.

"गळलं?"

"नाही." बोमाईने घसा खाकरला. "आणि त्याच्याखाली नव्या कळ्या आल्यात. त्या फुलेपर्यंत हे राहणार. मग त्यांच्याखाली आणखी येणार. मी बघतोय ना रोज."

"मग तुझा वाफा कधी?"

"या जन्मी दिसत नाही."

आपोलोनिया एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरची कोंबडी उडाली.

"हसू नकोस," बोमाई म्हणाला. "आधी कुंपणाला नीट दार कर. माणसं लांबून येतात नि आत शिरायला बोळकांडी. मीच अडकतो."

"भाऊजी, ती तुमच्या पोटाच्या मापाचीच..."

"रुंद करू," गांदे म्हणाला, आणि खुंट आणायला उठला.